अशोकाची साल

"हिच्या जिभेला लहानपणी वेखंड लावलंच नाय वाटतं," मोठी आत्या स्वयंपाकघरात आईला म्हणत होती. "एवढी इंग्रजी शाळा शिकली, पण घरात तोंड उघडंना."

मी बाहेर टेबलाशी बसून ऐकत होते. ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून आई नुसती उभी होती. आत्या वेखंड उगाळून बाहेर आली, मधात कालवून माझ्या जिभेवर ठेवलं आणि परिणामाची वाट बघत समोर बसली. नोकरी करणाऱ्या मुलीवर तान्ह्या बाळाचा इलाज. मी म्हटलं, "थँक्यू, आत्या." ती निराश होऊन उठली.

आत्या बिडकीन गावची. पुंडलिकनगरला आमच्याकडे चार दिवस म्हणून आली आणि दुसरा महिना लागला. तोवर आमच्या फ्रिजमधून दही हद्दपार होऊन काढ्यांच्या बाटल्या आल्या होत्या. पप्पांच्या रागाला ब्राह्मीचं तेल आणि माझ्या केसांना माका ठरला होता. "इंग्रजी औषधं लई गरम पडत्यात," असं ती सगळ्यांना सांगायची, आणि जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पर्समधली बीपीची गोळी गिळायची. हे फक्त मला दिसायचं. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक निर्धास्त असतात.

खोटं कशाला सांगू, तिच्या अडुळशाने माझा खोकला गेला होता. तिथेच घोटाळा झाला. माझ्या एका खोकल्याच्या जोरावर आत्याला घरभर अधिकार मिळाला.

आणि मग तिने आईला हातात घेतलं.

आईच्या दुखण्याला घरात 'अशक्तपणा' म्हणायचे. खरं म्हणजे तिच्या अंगावरून जात होतं आणि थांबतच नव्हतं. पप्पा सोडून आम्हा तिघींना हे माहीत होतं. आई पहाटे उठून चादर धुवायची. शाळेत शिकवायला जाताना फक्त गडद साड्या नेसायची, आणि आल्यावर आमच्या जिन्यात मध्येच बसून पिशवीतलं काहीतरी शोधायचं नाटक करायची. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणाली, "अशोकाच्या सालीने थांबतं म्हणतात आक्का. आणि पप्पांना सांगू नको हं, त्यांना काय वाटेल." इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्यांना काय वाटायचं बाकी होतं, हे मी विचारलं नाही. मी काहीच विचारत नसे.

साल आधी औरंगपुऱ्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून यायची. ती संपली तेव्हा आत्याने खिडकीतून फाटकाकडे बोट केलं. तिथे कॉलनीभर असतात तसे दोन सरळसोट अशोक उभे होते. "दारात झाड असताना इकत कशाला आणायची?"

पप्पा स्टुलावर चढले, भाजीची सुरी घेऊन.

"आक्का, अशक्तपणाला साल लागते होय?"

"बायकांच्या अशक्तपणाला लागती. तू सोल गुमान."

ज्या दुखण्याचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नव्हतं, त्याचं औषध ते घाम पुसत सोलत होते. त्यांचा आज्ञाधारकपणा पाहून मला हसू आलं. मग मी फोनवर शोधलं आणि हसू गेलं. औषधाचा अशोक म्हणजे सीतेचा अशोक, ते झाडच वेगळं. आमच्या फाटकावरचा फक्त शोभेचा. मी दोन्ही झाडांचे फोटो आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तिने हात जोडल्याची खूण पाठवली. ती सगळ्याच फॉरवर्डला हात जोडते.

आणि काढा पीत राहिली. सकाळी अनशापोटी एक पेला, शोभेच्या झाडाचा.

एका रविवारी समोरच्या काकू हॉलमध्ये येऊन बसल्या. त्यांना सुनेसाठी आत्याचं काहीतरी औषध हवं होतं. पप्पा कौतुकाने ऐकत होते. आत्या म्हणाली, "आमच्या भावजयीकडंच बघा की. मी आले तवा कशी व्हती अन् आता कशी उजळली."

उजळली. आईचे ओठ कागदासारखे पांढरे झाले होते.

"खरंच गं, गोऱ्या दिसायला लागल्या," काकू म्हणाल्या.

"आक्काचा हातच तसा आहे," पप्पा म्हणाले.

आई चहाचा ट्रे घेऊन येत होती. दारात थांबली, तिने खांदा चौकटीला टेकला. कप एकमेकांवर वाजले. मी उठून ट्रे घेतला आणि ती माझ्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे पडलीच.

"ऊन लागलं आसंल," आत्या म्हणाली. "थांब, अजून आर्धा पेला देते." ती उठून बाटली आणायला निघाली.

पप्पांना सांगायचं वाक्य माझ्याकडे इंग्रजीत तयार होतं. रोज ऑफिसला जाताना घोकलेलं, सभ्य, दवाखान्यातल्या फॉर्मवर लिहिता येईल असं. पण पप्पा माझ्या इंग्रजीला नुसती मान डोलावतात, आणि आत्या तोवर अर्धा पेला घेऊन आली असती. आईने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको, असं. काकू पदर सारखा करत होत्या, त्यांचे कान इकडेच होते.

मी ट्रे खाली ठेवला.

"पप्पा, आईला अशक्तपणा नाहीये. तिच्या अंगावरून रोज रक्त जातंय, थांबत नाहीये. तिला आत्ताच दवाखान्यात न्यायचंय, तुम्ही चला."