उजवीकडचं बाळ

सेल्वीअक्का भिंतीपलीकडे राहते, म्हणून या परमुलखात मी तग धरून आहे. इकडच्या रीतीनं सातव्या महिन्यात तिनंच माझे हात काचेच्या बांगड्यांनी भरले. पोटातल्यांना त्यांचा आवाज ऐकू जातो म्हणे.

समोरच्या दोरीवरची साडी वाऱ्यानं ताठ होते, तसं माझं जुळ्याचं पोट पुन्हापुन्हा आवळतं आणि सैल पडतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, या कळा खोट्या आहेत. भीती मात्र खरीच असते. त्यानंतर बांगड्या वाजवून बघायचा मला धीर होत नाही; आतून कुणी हललंच नाही तर? अक्काच माझा हात धरून हलवते. डावीकडचं बाळ लगेच ढुशी देतं. उजवीकडचं गप्प.

"तुझ्यासारखंच झोपाळू," ती मोडक्या हिंदीत म्हणते आणि वाजवत राहते. वारा पडतो, साडी नुसती लोंबते. मग उजवीकडे हळूच काहीतरी सरकतं.

अक्का, तुझ्या लेकीला दिवस जातील, तेव्हा तिचा हात मी धरीन, आतून उत्तर येईपर्यंत.