बटणाची कवळी की पक्के दात

"आजी, यातला एकही दात वाचणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आरसा माझ्या तोंडातून काढला, हातमोजे काढले आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. बसून बोलायला लागल्या तेव्हाच मला कळलं, काम मोठं आहे.

आजाराचं नाव त्यांनी पेरिओडॉन्टायटिस सांगितलं. म्हणजे हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि आतलं हाड झिजत जातं. दात किडलेले नव्हते माझे. खालची जमीनच खचली होती.

मला नवल वाटलं नाही. तीन-चार वर्षं दात हलत होते. आधी भाकरी सोडली, मग पोळी दुधात कुस्करून खायला लागले, मग नुसता वरणभात. घरात कुणाला सांगितलं नाही. मुलगा संतोष हिंजवडीला कंपनीत, सकाळी सातला बस पकडतो. सून स्मिताची नोकरी खराडीला. त्यांना त्यांचं थोडं का आहे? एक दिवस जेवताना पुढचा दात ताटात पडला आणि संतोषने बघितला, म्हणून विश्रांतवाडीच्या या दवाखान्यात आले. नाहीतर आणखी दिवस काढले असते.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. हे सगळं मी सांगितलंय आणि स्मिताने मोबाईलवर लिहून घेतलंय. माझ्यासारख्या बायांना उद्या हेच बघावं लागेल, त्यांच्या कामाला यावं म्हणून सांगते.

पुढच्या शनिवारी सीबीसीटी केलं. उभं राहून हनुवटी टेकवायची, मशीन डोक्याभोवती फिरतं आणि हाड किती उरलंय त्याचा फोटो निघतो. दुखत नाही. मग एक मुलगी फॉर्म भरायला बसली. शुगर आहे का, बीपी आहे का, तंबाखू खाता का, दारू. संतोषच उत्तरं देत होता. तंबाखूला म्हणाला, "आमच्या घरात कुणीच खात नाही." मीही मान हलवली.

मग बाईंनी टेबलावर जबड्याचे नमुने मांडले. पहिली साधी कवळी, हिरडीवर नुसती बसवायची. दुसरी बटणाची. हाडात टायटेनियमचे स्क्रू घालतात, त्याला इम्प्लांट म्हणतात. वर बटणं असतात आणि कवळी त्यावर टचकन बसते. तिला ओव्हरडेंचर म्हणतात. रोज काढायची, धुवायची. तिसरे पक्के दात, फिक्स्ड. अख्खी ओळ स्क्रूने आवळून टाकतात, डॉक्टरशिवाय कुणाला काढता येत नाही. त्यातही दोन जाती. एक ॲक्रिलिकची, ती झिजते पण दुरुस्त होते. दुसरी झिर्कोनियाची, म्हणजे चिनीमातीसारखी कडक, चकाकते.

संतोषने झिर्कोनियावर बोट ठेवलं. "हेच करा. वर, खाली, दोन्हीकडे."

बाई म्हणाल्या, वरची साधी कवळी टाळूला धरून बसते, तिची घाई नको. खालची टिकत नाही, जीभ तिला उचलत राहते. आधी खाली चार स्क्रू घालू. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. तो माझ्यासाठीच करत होता. पैसेही त्याचेच.

दोन शनिवारांत सगळे दात काढले. इंजेक्शनपुरतं दुखतं, बाकी नुसती ओढाओढ. तात्पुरती कवळी दिली. ती टोचायची, म्हणून घरात मी ती काढून ठेवायची आणि पदर तोंडावर धरायची. संतोष जेवायला बसला की माझ्याकडे बघायचा नाही. ताटात बघून बोलायचा. एकदा स्मिताला म्हणत होता, मला आईचं ते तोंड बघवत नाही. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू आलं.

हिरड्या भरल्यावर स्क्रू घातले. दीड तास तोंड उघडं. हाडाला भोक पाडतात तेव्हा दुखत नाही, पण डोकं आतून घरघरतं. वरून हिरडी शिवून टाकली. आता तीन महिने थांबायचं, हाड स्क्रूला धरतं. त्याचंही लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते माझ्या तोंडात बसलं नाही.

तीन महिन्यांनी हिरडी उघडली. डावीकडचा मागचा स्क्रू बाईंनी बोट लावलं तसा हलला. पेरून न उगवलेल्या बीसारखा अलगद हातात आला. बाईंनी तो ट्रेमध्ये ठेवला. मग तात्पुरती कवळी हातात घेऊन उजेडात धरली. आतून काळी पडली होती.

"आजी, तुम्ही दात कशाने घासता?"

"दात कुठं राहिलेत आता?" मी म्हणलं. "हिरडीला मिश्री लावते, दोन वेळा."

संतोष खुर्चीतून उठलाच. आता ही मिश्री सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावून बसायचं. आमच्या बार्शीकडे घरोघरी बाया लावतात. आईने मला नवव्या वर्षी लावायला दिली, दात दुखत होता म्हणून. तंबाखू खातात ती बापे माणसं, भिंतीवर थुंकणारी. मिश्रीला आम्ही दात घासायचीच वस्तू समजतो. स्मिता कामावर गेली की मी गॅलरीत तवा ठेवून भाजायची. लपवत नव्हते, तिला धुराने ठसका लागायचा म्हणून ती नसताना. उलट स्क्रू घातल्यावर मी जास्तच लावायला लागले होते, हिरडी लवकर घट्ट व्हावी म्हणून.

मला वाटलं आता बाई रागावणार. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. तंबाखू खाता का विचारलं, मिश्री लावता का विचारायला हवं होतं." मग समजावून सांगितलं. तंबाखू भाजली तरी तंबाखूच. तिने हिरडीचं रक्त कमी होतं, जखम भरत नाही, हाड धरत नाही. साठ वर्षांचे दात त्यातच गेले. शुगरवाल्यांची जखम जशी भरत नाही, तसंच हे. गाल आणि जीभही त्यांनी उलटीपालटी करून तपासली. गाठ, चट्टा, तसलं काही निघालं नाही, एवढं नशीब.

रिक्षात संतोष म्हणाला, "आई, एवढी शिकलेली माणसं घरात असून तू तंबाखू लावत होतीस आणि आम्हाला पत्ता नाही. हसतील लोक."

मी म्हणलं, "हसू दे. त्यांचे दात आहेत."

मिश्री सोडली. सोपं नाही, खोटं कशाला सांगू. आठ दिवस डोकं ठणकत होतं, सकाळी पोट साफ होईना, भांड्यांचा आवाजही सहन होईना. बोट आपोआप हिरडीकडे जायचं. स्मिताने बडीशेप भाजून डबीत भरून दिली, तीच चघळत बसायची. महिन्याने ओढ कमी झाली. गेली म्हणत नाही, कमी झाली.

मग पुन्हा निवड आली. बाई म्हणाल्या, उरलेले तीन स्क्रू घट्ट आहेत. तुमच्यासारख्या हाडात पक्के दात बसवायला निदान चार लागतात. म्हणजे नवा स्क्रू, आणखी चार-पाच महिने, आणि यावेळी धरेलच याची खात्री मी देणार नाही. नाहीतर या तीन स्क्रूंवर बटणाची कवळी महिन्याभरात होईल.

संतोष लगेच म्हणाला, "थांबू आम्ही. पक्केच करा."

मी म्हणलं, "मला विचारायचंय." आणि बाईंना विचारलं, पक्के दात साफ कसे करायचे? त्यांनी करून दाखवलं. ओळीच्या खालून बारीक ब्रश सरकवायचा, पाण्याची पिचकारी मारायची, रोज, आरशात बघून. मी माझी बोटं पुढे केली. अठ्ठावीस वर्षं येरवड्यात लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. बोटांचे सांधे सुपारीएवढे झालेत, सुई धरता येत नाही. तो ब्रश तर सुईपेक्षा बरा नव्हता.

बाईंनी बटणाचा नमुना माझ्यासमोर ठेवला. "ही काढून दाखवा. जमली नाही तर हीही देणार नाही." बोटांनी निघेना. मग दोन्ही अंगठे खाली घालून कणकेच्या गोळ्यासारखं वर ढकललं. निघाली.

तिच्यातही दोष आहेत, ते बाईंनी लपवले नाहीत. बटणातली रबरं झिजतात, वर्षा-दीड वर्षाने बदलावी लागतात. शेंगदाण्याचा कण खाली अडकतो. झोपताना काढून ठेवायची. पक्के दात स्वतःचे वाटतात, तसे हे वाटणार नाहीत.

संतोष खाली बघत होता. "आई, तू जन्मभर दुसऱ्यांनी दिलेलं चालवून घेतलंस. एकदा तरी चांगलं घे ना."

"चांगलं कुणाला, ते मला ठरवू दे," मी म्हणलं. "उद्या मी अंथरुणाला खिळले तर माझ्या तोंडात ब्रश कोण घालणार? हे निदान कुणालाही काढून धुता येईल. तुला बघवत नाही म्हणून मी तोंडात कुलूप लावून घेऊ का?"

तो बाहेर जाऊन बसला. बटणाच्या कवळीच्या कागदावर मी अंगठा नाही, सही केली.

बटणाची कवळी बसून आता नऊ महिने झाले. वर साधीच ठेवली. ज्वारीची भाकरी खाते, कडेची कडक मात्र अजून सोडते. दवाखान्याच्या बाकावर माझ्याएवढ्याच एक बाई भेटल्या होत्या, त्यांचे पक्के दात आहेत, त्यांच्या बोटांना काही नाही आणि त्या खूश आहेत. म्हणून माझंच बघून कुणी करू नका. बोटं बघा, हाड बघा, घरात कोण आहे ते बघा. आणि तोंडात जे जे घालता, लावता, चघळता ते सगळं डॉक्टरला सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

गेल्या थंडीत एका सकाळी मनगटं इतकी सुजली की अंगठे वळेनात. आदल्या रात्री अंगठे दुखत होते म्हणून कवळी तशीच तोंडात राहिली होती, हिरडी दुखत होती. स्मिता ऑफिसला गेली होती. संतोष घरून काम करत होता, कानाला हेडफोन. त्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तोंडाकडे खूण केली.

त्याने हेडफोन काढला, हात धुवून आला. मला खुर्चीत बसवलं. कुठून धरायचं, विचारलं. मी दाखवलं. पहिल्यांदा घाबरत ओढली, निघाली नाही. दुसऱ्यांदा दोन्ही अंगठे नीट घातले. टच आवाज आला.

बेसिनपाशी उभं राहून त्याने ती ब्रशने घासली, आतून, बाहेरून, बटणांच्या खाचासुद्धा. मग परत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "तोंड उघड, आत काही अडकलंय का बघू."

मी पदर खाली सोडला आणि तोंड उघडलं. त्याने नीट बघितलं.