तेवीस गावांची फ्लॉपी

गंगम्मा खानापुरेला कुणी ‘काम झालं’ असं सांगितलं की तिच्या कपाळावर आठी चढायची. झालं म्हणजे काय? कुणी बघितलं?

सवय कामानंच लावली होती. नवरा मडिवाळप्पा सरकारी कचेरीत दफ्तरी होता. तो अचानक गेला आणि सातवी पास गंगम्मा त्याच्या जागेवर लागली. काम एकच, रुमाल बांधायचे. हा खिशातला रुमाल नव्हे. निजामाच्या काळापासून आपल्याकडे कागदांचा गठ्ठा ज्या लाल फडक्यात बांधतात त्याला रुमाल म्हणतात. वर कागदांची यादी, खाली कागद, चारी टोकांची गाठ. बाकीचे दफ्तरी गाठ मारून मोकळे व्हायचे. ही बाई बांधलेला रुमाल पुन्हा सोडायची, यादीला लावून एकेक कागद मोजायची आणि मगच सही करायची.

कारकून महादेवप्पा वैतागून म्हणायचा, “गंगम्माबाई, लोक लग्नाची गाठबी इतक्यांदा तपासत न्हाईत.”

“तपासाया पाहिजे हुती,” ती म्हणायची. “घरी जाऊन बायकोला इचारा.”

असल्या बाईवर साहेबलोक खूश असण्याचं काही कारण नव्हतं, आणि ते नव्हतेही. तिला त्याचं सुतक नव्हतं.

लातूर वेगळा जिल्हा होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सगळं अजून नवंच म्हणायचं. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, आणि रेणापूरच्या बाजूची काही गावं शेजारच्या जिल्ह्यातून तुटून आलेली, तीही नवीच. त्यातलंच तेलगव्हाण हे गंगम्माचं माहेर. सत्याऐंशीला पावसानं दगा दिला आणि अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिथली विहीर तळाला गेली. तिची म्हातारी अव्वा, म्हणजे आई, नागम्मा, दोन घागरींसाठी कोसभर चालत होती. टँकर कुठल्या गावांना द्यायचे ते औरंगाबादला ठरणार होतं, आणि ठरणार होतं ते गंगम्माच्या कचेरीतून जाणाऱ्या माहितीवर.

त्याच वर्षी कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी खोली गार केली, दाराशी चपला काढायचा हुकूम निघाला. माणसांच्या घशाला कोरड पडली होती आणि यंत्राला गारवा हवा होता! त्या खोलीचा राजा म्हणजे ऑपरेटर शेषेराव. पोरगा वाईट नव्हता, पण तीन महिन्यांचं शिक्षण त्याच्या डोक्यात गेलं होतं. पहिल्या दिवसांत काम नसायचं तेव्हा रुमाल ठेवायला आलेल्या गंगम्माला तोच हौसेनं दाखवायचा.

“हे बघा मावशी, याला टार म्हणतात. पुष्कळ फायली एकात बांधतं. सी दाबलं की बांधतं, टी दाबलं की यादी दाखवतं, एक्स दाबलं की सोडतं.”

“मंग ह्यो तर माझाच धंदा हाय की,” गंगम्मा म्हणाली. तिनं फाटक्या पाकिटाच्या पाठीवर पडद्यावरची ती सगळी ओळ उतरवून घेतली, खाली तिन्ही अक्षरांचे अर्थ लिहिले आणि कागद कमरेच्या पिशवीत ठेवला. शेषेराव हसला. त्यानं हसायला नको होतं.

सोमवारी दुपारी दोनला जीप गावांची माहिती भरलेली फ्लॉपी घेऊन औरंगाबादला निघणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं बैठक. त्या जीपमध्ये ज्या गावाचं नाव जाणार नाही, त्या गावाला टँकर नाही. एक वाजता शेषेरावानं फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली.

“झालं,” तो म्हणाला.

“सोडून बघितलं का?” गंगम्मानं दारातूनच विचारलं.

“मावशी, हे मशीन आहे. तुमचं फडकं नाही.”

“यादी तरी काढा.”

“जेवून येतो,” म्हणून तो खानावळीकडे गेला.

गंगम्मा थोडा वेळ दारात उभी राहिली. गावांचे फॉर्म तिच्याच हातून वर गेले होते. चौऱ्याऐंशी गावं, दोन रुमाल, एक जुन्या गावांचा आणि एक नव्यानं आलेल्यांचा. तिनं आत जाऊन फ्लॉपी घातली आणि टी दाबून यादी काढली. एका गावाची एक ओळ. पडद्याला बोट न लावता तिनं मोजलं. एकसष्ट.

पुन्हा मोजलं. एकसष्टच. यंत्रातही दोन कप्पे होते, ‘जुने’ आणि ‘नवे’. शेषेरावानं जुन्यांचा कप्पा बांधला होता आणि नव्यांचा तसाच राहिला होता. तेवीस गावं गेली. तेलगव्हाण गेलं.

ती धावत महादेवप्पाकडे गेली. तो डबा उघडून बसला होता.

“आप्रेटर येऊ द्या की. आपलं काम हाय का ते?”

“तवर जीप जाईल!”

“गेली तर पुढच्या हप्त्यात दुसरी जाईल. तुम्ही कशाला आगीत हात घालायलात?”

पुढच्या हप्त्यात! भरल्या ताटावर बसून असं बोलायला काय जातं? गंगम्मा उलट पावली खोलीत शिरली. भीती वाटत नव्हती असं नाही. नोकरी गेली तर दोन मुली घेऊन जायचं कुठं? पण घागर घेऊन उन्हात चाललेली अव्वा डोळ्यांपुढून हलेना. तिनं शेषेरावाच्या फ्लॉपीत काही बदललं नाही, ती काढून टेबलावर जशी होती तशी ठेवली. कपाटातून एक कोरी घेतली, पिशवीतला कागद समोर धरला आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबलं. टार. सी. फ्लॉपीचं नाव. पुढं जुने, आणि पुढं नवे.

यंत्र घरघरलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. दुसरी कुणी असती तर फ्लॉपी काढून पळाली असती. गंगम्मानं यादी काढली. चौऱ्याऐंशी. मग रिकाम्या कप्प्यात ती सगळी सोडून बघितली. तेलगव्हाणची फाईल उघडली, आत विहिरीचा आकडा होता.

“या की हो बाई! उशीर व्हायलाय!” ड्रायव्हर ओरडला.

“गाठ मारायलेय,” ती आतून म्हणाली.

नवी फ्लॉपी जीपमधून गेली आणि बुधवारी तिला मेमो मिळाला. परवानगीशिवाय यंत्र हाताळलं आणि एक कोरी फ्लॉपी वापरली. तेवीस गावांचा त्यात उल्लेख नव्हता. फ्लॉपीचा मात्र दोनदा होता.

मोठ्या साहेबांनी कॉम्प्युटरच्या खोलीत शेषेरावासमोरच तिला बोलावलं.

“बाई, माफीचं पत्र द्या. मी मेमो फाडून टाकतो.”

“साहेब, आधी टेबलावरची ती पयली फ्लॉपी सोडून दाखवा.”

शेषेरावानं यादी काढली. साहेबांनी स्वतः मोजली. मोजून झाल्यावर ते खुर्चीत नीट बसले आणि शेषेराव चपला नसलेल्या स्वतःच्या पायांकडे बघू लागला.

“ठीक आहे,” साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले. “दोन ओळींची माफी लिहा आणि विषय मिटवा.”

“न्हाई लिवत,” गंगम्मा म्हणाली. “आन् मेमो फाडूबी नका. मी फ्लॉपी घेतली, खरं हाय. पर तुमच्या कागदात माल निम्माच लिवलाय. फ्लॉपी एक, हे लिवलं. तिच्यात वाचली ती गावं तेवीस, तेबी लिवा. मंग मी सही करते.”

साहेबांनी पेन उघडून मेमोच्या खाली एक ओळ लिहिली. गंगम्मानं ती वाचली, वरपासून पुन्हा सगळं वाचलं आणि सही केली. त्याच शुक्रवारी तेलगव्हाणच्या वेशीत टँकर उभा राहिला.

निवृत्तीच्या दिवशी तिची सेवापुस्तिका हिशेबाला काढली तेव्हा नव्या कारकुनाला तो पिवळा पडलेला कागद सापडला. उपकार केल्यासारखा तो म्हणाला, “मावशी, एवढाच डाग आहे तुमच्या नोकरीवर. काढून टाकू का?”

गंगम्मानं पुस्तिका त्याच्या हातून घेतली आणि यादीला लावून एकेक कागद मोजला. मेमोपाशी आल्यावर खालच्या ओळीवर बोट ठेवून तिनं त्याला ती मोठ्यानं वाचायला लावली. मग सगळं पुन्हा लाल फडक्यात बांधलं.

“त्यो कागद काढला तर यादी चुकंल,” ती म्हणाली.