डोक्यावर घेतलेलं काळं कापड
नव्या चादरीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मला सोलापुरातले एक म्हातारे विणकर आठवतात. वैमानिकांना जमिनीवरच हवाई लढाईचा सराव करता यावा म्हणून आमची कंपनी हवाई दलासाठी सिम्युलेटरची मोठी खोली उभारत होती आणि तिच्या काळ्या पडद्यांची खरेदी माझ्याकडे होती. पडद्यातून जराही उजेड आत येता कामा नये, अशी टेंडरमध्ये अटच होती. त्यांनी विणलेलं कापड प्रयोगशाळेत पास झालं होतं, टेम्पो त्यांच्या दारात उभा होता, तीन दिवसांवर अधिकाऱ्यांची तपासणी होती. तेवढ्यात म्हाताऱ्यांनी शेवटचं ठाण उलगडलं, भर उन्हात अंगणात बसले आणि ते डोक्यावरून ओढून घेतलं. मागांच्या खडखडाटात मी घाम पुसत उभा. बऱ्याच वेळानं कापडाखालून आवाज आला, “साहेब, हितं उजेड येतोय. हे न्हाय देत मी.” मी वैतागलो. “अहो, चालतंय की! ते काय खरं विमान आहे?” त्यांनी कापड बाजूला केलं. चेहरा घामानं निथळत होता. “विमान खोटं असंल, पण आत बसणारं पोरगं खरं हाय की,” म्हणाले आणि नवं ठाण विणायला उठले. टेम्पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटला. आता माझ्या टेबलावर नमुन्यांसोबत प्रमाणपत्रं येतात. मी आधी कापड घेऊन गच्चीवर जातो आणि उन्हात ते डोक्यावरून ओढून घेतो. मागून ऑफिसातली पोरं हसताना ऐकू येतात. दिसत मात्र काहीच नाही, तेव्हा कुठं मी सही करतो.