पिठाच्या गिरणीमागची खोली

जगातली विषमता मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. परदेशातल्या सभागृहांत मी ठासून बोलते, कुणाच्या प्रश्नाची कधी भीती वाटली नाही. भीती वाटली ती सोलापुरात, माझ्याच गावात, एका रविवारी सकाळी स्वतःचाच लेख वाचताना.

लेख मीच हौसेनं इथल्या वर्तमानपत्राला दिला होता. एकाच घरात बाईला काय मिळतं आणि पुरुषाला काय, हा माझा सध्याचा विषय. उदाहरण भवानी पेठेतलं. नवरा यंत्रमागावर, बायको विड्या वळते. मुलगी शिवणाच्या कारखान्यात जाते असं बापाला वाटतं, पण जाते ती कॉलेजात. तिचा पगार म्हणून आई स्वतःच्या जादा विड्यांचे पैसे नवऱ्याच्या हातावर ठेवते. हे त्या बाईंनी मला दार लोटून सांगितलं होतं. बापाला कळलं तर कॉलेज बंद, आणि गावाकडचं स्थळ तर त्यानं बघूनच ठेवलेलं.

नावं मी काढली होती. नाव काढलं की माणूस झाकला जातो, असं मी विद्यार्थ्यांना शिकवते. इंग्रजीत ते खपून जातं, कारण ते वाचणारे त्या गल्लीत राहत नाहीत. इथे मात्र पिठाच्या गिरणीमागची खोली, असं चक्क छापून आलं होतं. चहा तसाच टाकून रिक्षा पकडली. बाईंना आधी गाठायचं, एवढंच डोक्यात होतं.

पोचले तर दारात नवराच बसलेला, हातात पेपर. मग त्याला वाचता येत नाही हे आठवलं आणि जरा धीर आला. मुलगी शेजारी गेली होती. बाई आत विडीचा पाला कापत होत्या.

तो अदबीनं म्हणाला, "बरं झालं आलासा मॅडम. आमच्या गल्लीचं कायतरी आलंय म्हनत्यात. वाचून दावा की."

बाईंची कात्री थांबली. माझा चेहरा बघूनच त्या काय ते समजल्या असाव्यात. मी पेपर घेतला. एका चुकीच्या आकड्यावरून विद्यार्थ्यांना फाडून खाणारी मी, स्वतःच्याच लेखावर बोट फिरवत धडधडीत खोटं वाचू लागले. यंत्रमाग कामगारांची मजुरी वाढली पाहिजे, असं काहीबाही रचलं. वाक्यं जमत गेली. कात्री पुन्हा चालू झाली. सुटले, असं मला वाटलं.

त्यानं पेपर परत घेतला आणि शांतपणे घडी घातली.

"सकाळी पोरीनं वाचलं," तो म्हणाला, "तवा ह्यात नळाच्या पान्याचं हुतं."

दोन वेगळ्या बातम्या आहेत, एवढं म्हटलं असतं तरी कदाचित भागलं असतं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. तो उठून दाराबाहेर गेला आणि त्यानं मुलीला हाक मारली.