दुपारचे आकडे

बायकोच्या बीपीच्या मशीनमधले आकडे मी पुसून टाकले होते. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तिला नाही, डॉक्टरांनाही नाही.

मी जनवाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो, राहायला बिदरात. मुलगी लग्न होऊन गेली, घरात आम्ही दोघंच. बायकोचं बीपी चार-पाच वर्षांपासून वाढलेलं. दर दोन महिन्यांनी डॉक्टरांकडं जायचं, तिच्या दंडाला पट्टा बांधला जायचा, शेजारी मी उभा, आणि आकडा वरच. येताना मोटारसायकलवर मी मागं न बघता तिला मिठावरून बोलायचो. तिनं लोणचं सोडलं, पापड सोडला, शेवटी वरणातलं मीठही सोडलं. आकडा हलला नाही. "कुठंतरी चोरून खात असशील," असंही मी म्हणालोय. पन्नाशीच्या बाईला.

तिच्यावर मी कधी हात उगारला नाही. याचा मला अभिमान होता, चारचौघांत बोलूनही दाखवायचो. हात उगारायची मला गरजच पडली नाही. माझ्याकडं 'च्च' होतं. भाजीचा पहिला घास घ्यायचा, जिभेनं टाळूवर तो ओला आवाज काढायचा आणि ताट बोटभर पुढं सारायचं. मग दोन दिवस अबोला, कधी चार. आता तो आवाज चुकून तोंडातून निघाला तरी मला थुंकावंसं वाटतं.

मशीन आणलं मेहुणीनं. ती आळंदची, तुरीच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली, जिभेला हाड नसलेली. आठ दिवस राहायला आली आणि बायकोला स्वतःचं बीपी स्वतः बघायला शिकवलं. जायच्या दिवशी चहा पिता पिता मला म्हणाली, "दाजी, अक्काचं बीपी शाळंतल्या पोरावानी हाय बघा. सर आले की उभं ऱ्हातंय, सर गेले की बसतंय."

"गप गं, कायबी बोलायलीस," बायको म्हणाली. ती हसली नाही. तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं.

मी हसलो. "मशीन स्वस्तातलं दिसतंय."

"स्वस्तातलं कामून? त्याला घड्याळ बी हाय, दाजी. कवा बघितलं ते बी ध्यानात ठेवतंय ते."

ती गेली त्या संध्याकाळी बायको दळण आणायला गेलेली असताना मी मशीन घेऊन बसलो. बटण दाबत मागं मागं गेलो. दुपारी बारा वाजता एकशे बावीस. दोन वाजता एकशे अठरा. साडेपाचला, म्हणजे माझी गाडी दारात लागल्यावर, एकशे छप्पन्न. तारखा लावून बघितल्या. रविवारी सकाळपासूनच चढलेलं.

मला कळायला वेळ लागला नाही, कारण हा धडा मी वीस वर्षं शिकवतोय. फळ्यावर माणूस काढतो, त्याच्यासमोर पिसाळलेलं कुत्रं. भीती वाटली की ग्रंथीतून अॅड्रेनलिन सुटतं, काळीज जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. अंग पळायला नाहीतर भिडायला तयार होतं. कुत्रं गेलं की दाब उतरतो. ते रोज संध्याकाळी घरीच येत असलं तर काय, हे मी कधी शिकवलं नाही. कुत्र्याला मी दात मात्र हटकून काढतो. पोरं हसतात.

मशीन हातात होतं, सगळं कळलेलं होतं. तरी पहिला विचार आला तो माझ्या नावाचा: डॉक्टरांनी हे बघितलं तर माझ्याबद्दल काय म्हणतील? मी बटण दाबून धरलं. पडदा कोरा झाला. ती आल्यावर सांगितलं की मशीन बिघडलंय, आणि ते कपाटात टाकलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "घरी बीपी बघता का?"

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

"घरात काही टेन्शन?"

"कशाचं टेन्शन, डॉक्टर? दोघंच तर आहोत."

"सर, मी बाईंना विचारायलोय."

ती पायाच्या बोटांकडं बघत म्हणाली, "न्हाई जी, काई न्हाई."

दंडाला पट्टा, शेजारी मी. आकडा वर. गोळी दुप्पट झाली.

तीन आठवड्यांनी, दुपारी ज्वारी निवडता निवडता ती उठली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि उंबऱ्यावर पडली. मनगट मोडलं. शेजारणीनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी शाळेतून पोचलो तोवर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं होतं. फार खाली होतं. "रोज ही एवढी गोळी घेतात, मग घरी किती असतं?" त्यांनी मला विचारलं.

सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "उपाशी असंल. खायचं ध्यान न्हाई तिला."

त्या दिवशी सकाळी तिनं माझ्यासमोर बसून भाकरी खाल्ली होती. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय जी. खाल्लं न्हवतं."

त्या 'व्हय जी'ची मला शिसारी येते. तिची नाही, माझी. तीस वर्षांत मी तिला हेच शिकवलं.

गोळी आता थोडी कमी केलीय. तरी डॉक्टर अंदाजानंच चालले आहेत, कारण दुपारचे आकडे त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नाहीत. ती अजून अळणी वरण खाते, आणि मेहुणीला फोनवर सांगते, "माजंच आंग वंगाळ गं, कुणाला काय बोलायचं." दार लोटलेलं असलं तरी मला ऐकू येतं. मी वही तपासत असल्यासारखं करतो.

मी तिचं एक देणं लागतो. तिच्यादेखत डॉक्टरांना सांगायचं की मशीन धड होतं, आकडे मी पुसले, आणि मी घरात नसताना हिचं बीपी नीट असतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.