ऊन बाराचं, उकाडा तीनचा

पुण्याच्या हवेवर ज्यांची हुकमत चालते असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते बिबवेवाडीतले आमचे घरमालक होते. त्यांच्या गॅलरीत सावलीच्या बाजूला थर्मामीटर टांगलेला असे. सकाळी देवाआधी त्याचं दर्शन होई. हिवाळ्यात ते कानटोपी, मफलर, स्वेटर, वर शाल अशा थाटात उगवत आणि पारा चढेल तसा एकेक कपडा उतरवत दुपारी बनियनवर येत. त्यांच्या अंगावर काय उरलंय ते पाहून समोरच्या बायका कुकर लावत. उन्हाळ्यात तर सकाळी आठलाच खिडक्या, पडदे, दार सगळं बंद. रात्रीचा गारवा आत कोंडून ठेवायचा. एकदा जावई भर दुपारी आले, तर हे दाराच्या फटीतून म्हणाले, "जावईबापू, पटकन आत या, नाहीतर सरळ सहाला या." काकू आतून म्हणाल्या, "अहो, जावई आलाय, ऊन नाही."

मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारी, तालुक्याच्या शाळेतून आलेली मुलगी. आमच्या घरात तोवर कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं, आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी सराव परीक्षेत माझे दोन विषय गेले. आणखी एक वर्ष शहरात ठेवणं घरच्यांना झेपणार नव्हतं. बारा टळले की उकाडा उतरेल, या समजुतीने मी जेवून पुस्तक उघडायची आणि पानावर घाम टपकायचा. सूर्य मावळल्यावर बसावं, तर खोली आणखीच पेटलेली. एकदा चक्कर येऊन जिन्यातच बसले, तेव्हा घरमालकांनी माझं वेळापत्रक विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ऊन बाराचं, पण उकाडा तीनचा. आधी जमीन तापते, मग ती हवेला तापवते. आणि तुझा स्लॅब दिवसभर ऊन पितो ते काय स्वतःसाठी? संध्याकाळी सगळं तुझ्याच डोक्यावर ओततो."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या ताब्यात गेले. पारा सूर्य उगवेपर्यंत उतरतच असतो, सबब पहाट झोपेत घालवणं हा गुन्हा, असं म्हणून ते अंधारातच दार वाजवत. पहाटे गच्ची. दुपारी त्यांची अंधारी, कोंडलेली, पण खरोखर गार बैठक. तिथे मी ताळेबंद जुळवायची आणि काकू शेजारी शेंगा सोलायच्या. संध्याकाळी खोलीकडे फिरकायचंही नाही.

मी पहिल्या वर्गात पास झाले. घरमालकांनी गॅलरीतून साऱ्या गल्लीला ऐकवलं, "आमची पद्धत पास झाली." काकू म्हणाल्या, "पेपर थर्मामीटरनेच लिहिला असेल." त्या दिवशी जिन्यात भेटेल त्याला ते पेढ्याबरोबर त्या वेळचं तापमानही देत होते.

वडील गावाहून आले. घरमालकांनी त्यांना समोर बसवून जमीन, हवा आणि स्लॅब सगळं समजावलं. वडिलांनी टोपी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मला काय कळलं न्हाई, सायेब. पर पोरीला कळलं, बास हाय."

घरमालकांनी उठून टेबलफॅन वडिलांकडे वळवला.

जिना उतरताना वडिलांनी हळूच विचारलं, "ह्ये आपलं कोन लागत्यात गं?"

मी 'घरमालक' म्हणणार होते, पण तो शब्द फारच अपुरा वाटला. "सांगते," म्हटलं, आणि आम्ही उतरत राहिलो. पुढच्याच महिन्यात नोकरीसाठी मी ती खोली सोडली. वडिलांना सांगायचं अजून राहिलंच आहे.